हौदात झोपलेले जपानी

ज्या माणसाने जन्मात कधी मासा तोंडात घातला नाही, आणि तरीही माशांपायी घरातल्या चांगल्या धडक्या गोधड्या पाण्यात बुडवल्या, असा माणूस सबंध पश्चिम खानदेशात एकच होऊन गेला आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. मी लग्न होऊन जळगावहून धुळ्याला आले, माप ओलांडून आत पाऊल टाकलं, तोच ओसरीवरून खणखणीत आवाज आला, "अरे, सूनबाईच्या अंगावर शाल घाला कुणीतरी! हात बघा कसे गार पडलेत!" हात गार पडले होते ते भीतीने. बाहेर वैशाख पेटला होता. तरी शाल आली, आणि मी घामाने निथळत देवाला नमस्कार केला.

नानांना स्वतःला थंडी वाजत होती की नाही, हे मला कधी कळलं नाही. त्यांना दुसऱ्याची वाजायची. दसरा उलटला की ते घरातली चिंध्यांची गाठोडी सोडून बसत. तुळशीला जुनी पैरण, गाईला पोत्याची झूल, विहिरीच्या रहाटालाही एक फडकं. त्याला कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "लाकूड झालं म्हणून काय झालं?" रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला हटकून ते कान झाकायला सांगत. एकदा कोणी बडा गोरा साहेब सकाळी पांझरा नदीच्या काठाने उघड्या डोक्याने फिरत होता. त्याला पाहून नाना आपला मफलर सोडून "साहेब, कान! साहेब, कान!" असं ओरडत त्याच्यामागे धावले. साहेबाला वाटलं, आपल्यावर हल्ला होतोय. तोही धावू लागला. शेवटी साहेबाने हसत मफलर घेतला आणि गळ्यात घालून गेला, असं नाना सांगत. साहेबाबरोबरचा शिपाई मात्र ही गोष्ट वेगळी सांगायचा, आणि त्याच्या गोष्टीत नाना दुपारपर्यंत चौकीवर बसलेले असत.

नाना कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात रुईची पारख करायचे. रुईचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा आणि धागा किती लांब, किती चिवट ते सांगायचं, हे त्यांचं काम. दर हंगामाला तिथे रुई खरेदीला एक जपानी व्यापारी येई. त्याचं खरं नाव कोणालाच नीट म्हणता येत नसे, म्हणून सगळे त्याला जपानी शेठ म्हणत. ठेंगणा, हसतमुख, कमरेत वाकून नमस्कार करणारा माणूस. त्याने वाकून नमस्कार केला की नाना त्याच्याहून खाली वाकत, मग तो आणखी खाली, आणि त्या दोघांचं हे आटपेपर्यंत कापसाच्या गाड्या दारात खोळंबून राहत. शेठचं हिंदी चार शब्दांचं, नानांचं सहा; पण दोघे तासन् तास रुईवर बोलत बसत आणि उठताना दोघांनाही सगळं समजलेलं असे.

युद्धाच्या बातम्या वाढल्या तसा एकेचाळीसच्या दिवाळीला शेठने बंगला आवरला. मुंबईला जाऊन येतो म्हणाला. बंगल्यामागच्या कुंडात त्याने देशाहून आणवलेले मासे पाळले होते, ते दोन पिंपांत भरून बैलगाडीने आमच्या घरी आले. आमच्या परसात लिंबांना पाणी द्यायचा खोल दगडी हौद होता, त्यात ते सोडले. काय ते मासे! कोणी शेंदरी, कोणी दुधासारखा पांढरा, एकाच्या पाठीवर शाईचे डाग सांडल्यासारखे. मी चहा घेऊन गेले तेव्हा नाना विचारत होते, "शेठ, इनका नाम क्या?"

"कोई," शेठ म्हणाला.

"कोई तो होगा, मगर नाम क्या?"

"कोई, कोई!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "शेठला पण माहीत नाही दिसत. कोणीतरी आहेत म्हणतो." तेव्हापासून आमच्याकडे त्या माशांना कोईच म्हणू लागले; जपानीत त्यांचं नावच कोई, हे फार पुढे कळलं. जाताना शेठ हौदापाशी उभा राहिला, बोट उचलून सावकाश म्हणाला, "ठंडी में खाना नहीं. सोना." नाना गहिवरले. शेठ गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "ऐकलंस? थंडीत यांना अन्न जात नाही, फार नाजूक आहेत. आणि म्हणाला, सोनं आहे सोनं! आपल्या घरी सोनं ठेवून गेला तो."

पुढे मार्गशीर्षात थंडी अशी पडली की सकाळी हौदावरून वाफा निघत. मासे तळाशी जाऊन बसले. हलेनात, वर येईनात, टाकलेलं खाईनात. नानांची झोप उडाली. पहिल्याने त्यांनी हौदावर गोधड्या पसरल्या. त्या पाणी पिऊन तळाला गेल्या, मग त्या काढायला माणूस उतरवावा लागला. माझ्या चुलत सासूबाई, म्हणजे आमच्या काकी, पदर खोचून परसात उभ्या राहिल्या. "माझ्या आईने शिवलेल्या होत्या हो त्या! माशाला पांघरूण घालतं का कुणी?"

"त्यांना बोलता येत असतं तर त्यांनीच मागितलं असतं," नाना म्हणाले.

मग हौदाभोवती कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या शेकोट्या झाल्या. बंबातलं कढत पाणी बादल्यांनी ओतून झालं. मासे जेवत नाहीत म्हणजे अन्नच पचायला गार असणार, या विचाराने बाजरीच्या भाकरीचा चुरा झाला, तीळ झाले, आणि एक दिवस काकींनी घरात बाळंतिणीसाठी वळलेले डिंकाचे लाडूही हौदात गेले. पाण्यावर तुपाचा तवंग आला. दोन दिवसांत हौदाला वास सुटला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरा मासा उलटा होऊन वर तरंगला.

नानांनी तो ओंजळीत काढला. त्यांनी लिंबाच्या मुळाशी खड्डा केला, त्याला पुरलं, आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. ताट वाढलं तर उठले नाहीत. काकी आदल्या दिवसापर्यंत लाडवांवरून भांडत होत्या, आता त्याच मला हळूच म्हणाल्या, "तू बोल गं. तुझं ऐकतील."

मला तोवर राहून राहून शेठचं ते उचललेलं बोट आठवत होतं. मी दाराआडून म्हटलं, "नाना, हिंदीत सोना म्हणजे झोपणं पण होतं. ते म्हणाले असतील, थंडीत खायला घालू नका, झोपू द्या."

नाना भिंतीकडून वळले. म्हणाले, "म्हणजे तो सांगून गेला होता. मीच त्यांना झोपू दिलं नाही."

त्या दिवशी हौदातलं खराब पाणी थोडं थोडं काढून विहिरीचं ताजं भरलं. खाणं बंद, शेकोट्या बंद, कढत पाणी बंद. आता काहीच करायचं नव्हतं, आणि नानांच्या जिवावर आलं ते हेच. ते हौदाच्या काठाशी जात, हात मागे बांधत, पाण्यात बघत आणि परत येत. पाचच मिनिटांनी पुन्हा जात. काकींनी एकदा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून भाकरीचा चुरा काढला. नाना ओशाळून म्हणाले, "टाकला नाही. नुसता जवळ ठेवलाय."

अशातच जपान युद्धात उतरला आणि कोणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं की या घरात जपानी लपलेत. एका सकाळी फौजदार दोन शिपाई घेऊन दारात हजर. मिशा ताठ, नाक लालबुंद. "इधर जपानी कोई है?"

नाना जन्मात खोटं बोलले नव्हते. म्हणाले, "हां साहेब. कोई हैं."

शिपायांनी लाठ्या सरसावल्या. "किधर?"

"हौद में. सोये हैं."

फौजदार परसात आला आणि हौदात वाकून बघत राहिला. तळाशी शेंदरी, काळे आकार निपचित पडलेले. त्याला वाटलं, माशांच्या आड काहीतरी बुडवून ठेवलंय. त्याने शिपायाची लाठी घेतली आणि पाणी ढवळायला हात पुढे केला. आणि आमचे नाना, जे पाटलाला पाहूनही रस्त्याच्या कडेला होत, त्यांनी पुढे होऊन ती लाठी दोन्ही हातांनी धरली. 

"साहेब, मला न्या. पाहिजे तिथे न्या. पण त्यांना उठवू नका. एक माझ्या हाताने गेला, आता बाकीचे जाऊ देणार नाही."

 तेवढ्यात फौजदाराला एकदम शिंक आली, तिच्यामागून दुसरी. नानांनी एका हाताने लाठी तशीच धरून दुसऱ्याने आपला मफलर सोडला आणि त्याच्यापुढे केला. "कान झाका, साहेब."

फौजदाराने लाठी सोडली. थोड्या वेळाने तो ओसरीवर काकींनी केलेला आल्याचा काढा पीत होता. "ये खाते क्या हैं?" त्याने विचारलं. काही नाही, नाना म्हणाले. "बोलते नहीं, हिलते नहीं, खाते भी नहीं," फौजदार उसासा टाकून म्हणाला, "सब कैदी ऐसे होते तो नौकरी कितनी अच्छी होती." मफलर मात्र तो घेऊन गेला.

संक्रांत गेली, माघ गेला. होळीच्या आधी ऊन हौदात उतरू लागलं, आणि एका सकाळी परसातून नानांची आरोळी आली. एरवी घरात ते शुद्ध बोलत, पण आनंद झाला की लहानपणची अहिराणी बोली आपोआप तोंडी यायची. "अरे, बठ्ठा जित्ता शेतस! या रे, देखा! बठ्ठा जित्ता शेतस!" सगळे जिवंत! आम्ही धावलो. उरलेले सगळे वर आले होते, तोंडं उघडून पाण्यात बुडबुडे काढत होते. काकी पिठाचा हात तसाच घेऊन आल्या होत्या. त्यांनी तोच हात पाण्यात धरला आणि शेंदरी मासा तो चाखून गेला.

जपानी शेठ परत आला नाही. पुढचे सगळे हिवाळे मासे नेमाने झोपले, नेमाने उठले, आणि मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक दलालाला नाना शेठची खबर विचारत राहिले. युद्ध संपल्यावर एकाने सांगितलं की त्याला इतरांबरोबर छावणीत ठेवलं होतं, नंतर बोटीने देशाला पाठवलं. तिकडे घरदार राहिलं की नाही, कोण जाणे. नानांनी एवढंच विचारलं, "तिकडे थंडी फार असते ना?" दलाल म्हणाला, बर्फ पडतं.

दुसऱ्या दिवशी नाना बाजारातून चांगली जाड, काळी घोंगडी घेऊन आले. तिची घडी घालून, वर कापड शिवून पोस्टात गेले. पोस्टातला बाबू भला माणूस होता. त्याने विचारलं, पत्ता? नाना म्हणाले, जपान. पुढे? पुढे नानांना काही सांगता येईना.  मग गठ्ठा काखेत मारून चालत घरी आले.

काकी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि काही न विचारता उठून तो हातातून घेतला. "ठेवते ट्रंकेत," म्हणाल्या. "वर कडुनिंबाचा पाला घालते, म्हणजे कसर लागायची नाही. येतील तेव्हा देऊ."

"हो," नाना म्हणाले. "येतील तेव्हा देऊ."

मग कितीतरी वेळ दोघं शेजारी शेजारी बसून तांदूळ निवडत राहिली.