प्लास्टरचा पाय आणि तीन उन्हाळे

बैठकीतल्या भिंतीवर एका पायाचं चित्र कशाला लावलंय, आणि पणजीचा चेहरा घरात कुठेच कसा नाही, असं तुम्ही दोघांनी मागच्या खेपेला फोनवर विचारलं होतं. मी "लिहून कळवते" म्हणाले, कारण फोनवर मला राग आवरून बोलता आलं नसतं. कागदावर जमेल असं वाटतं. क्रमाने सांगते.

माझ्या आईचा, म्हणजे तुमच्या पणजीचा, आयुष्यात एकच फोटो काढला गेला. तेव्हा आपला भाग आंध्र प्रदेशात होता आणि मी इचोड्याला शाळेत इंग्रजी शिकवत होते. आई पेनगंगेकडच्या आमच्या गावी राहायची. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलं, कापूस वेचला, आणि मला नोकरी लागल्यावरही तिने ते सोडलं नाही. एकदा ती माझ्याकडे आली असताना मी तिला फोटो स्टुडिओत नेलं. आठ दिवसांनी फोटो हातात आला. स्टुडिओवाल्याने ब्रश फिरवून तिचा रंग उजळला होता, सुरकुत्या पुसल्या होत्या, आणि कपाळावरचं गोंदण डाग समजून घालवलं होतं. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा कुंकू गेलं, पण गोंदण कातडीतलं, ते राहिलं होतं. ते या माणसाने ब्रशच्या एका फटक्यात काढून टाकलं.

आईने फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून.

"कोनाची बाई हाय वं हे?"

"तूच आहेस, माय."

"मी? मंग हिचं लगन पाहा लवकर. अशी गोरी पोरगी घरात ठेवू नये."

शेजारणी हसल्या. मला हसू आलं नाही. आईचा खरा चेहरा मी स्वतः काढीन, गोंदणासकट, असं मी त्या दिवशी ठरवलं.

मला चित्रकला येत नव्हती. पण मी कुठलीही गोष्ट पहिल्या धड्यापासून शिकत आले होते. गावातून मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. एक इयत्ता पास झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही, हा नियम मी इतका पाळला होता की तो माझ्या हाडात बसला होता. म्हणून मी सरळ पेन्सिल घेऊन आईसमोर बसले नाही. वर्ग शोधला.

हैदराबादच्या एका कला महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर घाटाखालच्या निर्मल गावी येऊन राहिले होते. लाकडी खेळणी बनायची अशी एक जुनी शेड भाड्याने घेऊन ते उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या पद्धतीचं चित्र शिकवत. मी सकाळच्या बसने घाट उतरून नऊच्या आत तिथे पोचायची. नवी वही, टोक केलेल्या पेन्सिली, दोन रुमाल.

पहिल्याच दिवशी सरांनी स्टुलावर प्लास्टरचा एक पाय ठेवला. घोट्यापासून खालचा, पांढरा, कुणा परदेशी देवाचा असावा. फरशीवर खडूने दोन पावलं आखली. पाहायचं ते फक्त त्या पावलांवर उभं राहून. मग चार पावलं पुढे जाऊन फळ्यावरच्या कागदावर कोळशाने एक रेघ काढायची, परत खडूच्या पावलांवर यायचं, डोळे बारीक करून ताडून पाहायचं, आणि चुकली असेल तर पावाच्या गराने पुसायची. समोर दोऱ्याला ओळंबा टांगलेला, उभी रेघ कळावी म्हणून. ओळंबा हलतो म्हणून पंखा बंद. मे महिना, वर पत्रे. कोळसा घामात कालवून कोपरापर्यंत यायचा.

चित्र बरोबर आलं की सर कागदाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने खूण करत. ती मिळाल्याशिवाय पुढची वस्तू नाही. क्रम मी वहीत लिहून घेतला: पाय, कान, नाक, मुखवटा, आणि शेवटी जिवंत माणूस. मनाशी हिशेब केला की दहा दिवसांना एक धरला तरी दोन सुट्ट्यांत आईपर्यंत पोचेन.

ती अख्खी सुट्टी मी पायावरच होते.

माझ्या रेघा स्वच्छ यायच्या आणि पाय चुकीचा यायचा. सर मागे येऊन उभे राहत. ते तेलुगू घरातले, माझ्याशी हिंदीत बोलायचे. "मैडमगारू, आप पाँव नहीं बना रहे. पाँव की स्पेलिंग लिख रहे." मग माझा तासाभराचा अंगठा ते गराने पुसून टाकत. का चुकला ते सांगत नसत. "देखो," एवढंच. मी पाहतच होते! आणखी किती पाहायचं?

माझ्या शेजारी दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर शिकायला होता. तो उशिरा यायचा, विडी ओढायला बाहेर जायचा, आणि पंधराव्या दिवशी कानावर गेलासुद्धा. जाताना मला म्हणाला, "टीचरम्मा, इत्ते दिन में तो आप इस पाँव से चलके हैदराबाद पहुँच जाते."

मी हसले नाही. त्याचा कागद मात्र चोरून पाहिला. घाणेरडा होता, बोटांचे ठसे उमटलेला, आणि त्यावरचा पाय जमिनीवर टेकलेला होता. माझा कागदावर तरंगत होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात गेले तर शेडला चुना मारलेला. खडूची पावलं गेली होती, स्टूल दुसऱ्या कोपऱ्यात. सर म्हणाले, जागा बदलली, उजेड बदलला, आता पहिल्यापासून. मी इंग्रजीत भांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवा कागद दिला. त्या वर्षी टाच जमली, बोटं नाहीत. गावी गेल्यावर आईने विचारलं, "झालं का वं माहं तोंड?"

"अजून पाय चाललाय."

"दोन वर्सं एकच पाय? कोनाचा हाय, हत्तीचा?"

तिसऱ्या उन्हाळ्यात आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडे राहायला आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, उन्हात जायचं नाही असं बजावलं होतं. हाताला काम नाही असे दिवस तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच आले होते. तिला ते सोसत नव्हतं. मी निर्मलहून दुपारी तीनला परत यायची तेव्हा ती ओसरीवर खांबाला टेकून, पाय पसरून बसलेली असायची.

एक दिवस तीच म्हणाली, "काढ ना मंग आता माह्या तोंडाले. बसूनच हावो मी."

"आत्ता नाही, माय. अजून पायाची खूण मिळाली नाही. पाय, मग कान, मग नाक, मग तोंड."

"तोंड काऊन सर्‍यात मागं?"

"तसा क्रम आहे."

तिने पसरलेले पाय माझ्याकडे सरकवले. मग म्हणाली, "तर मंग पाय काढ. माहे बी पायच हायेत."

मी त्याकडे सराव म्हणून पाहिलं. घरचा अभ्यास. ओसरीच्या फरशीवर खडूने माझी पावलं आखली, तुळईला दोऱ्याने कुलूप टांगून ओळंबा केला, आणि रोज तीन ते पाच आईचा उजवा पाय काढला. आई बडबडत होती. मी "हलू नको" म्हणत होते. वर मान करून तिच्याशी बोललेही नाही, कारण नजर हटली की माप चुकतं. तिची टाच उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी भेगाळलेली होती. करंगळीशेजारच्या बोटाचं नख अर्धंच होतं. घोट्यावर विळ्याची जुनी खूण. प्लास्टरच्या पायात असं धरायला काहीच नव्हतं; इथे एका भेगेवरून दुसरी भेग मोजता येत होती. आठव्या दिवशी मी मागे सरकून पाहिलं, आणि पाय फरशीवर टेकलेला होता.

आईने एका डोळ्याने कागद पाहिला. यावेळी लांब-जवळ केलं नाही. "हे माहा हाय," म्हणाली. "ह्या भेगीत वेचनीच्या वक्ती रगत येते."

मी तो कागद, आता बैठकीत लावलाय तोच, गुंडाळून सरांकडे नेला. त्यांनी खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. "किसका है?"

"माझ्या आईचा."

"अच्छा है," ते म्हणाले. मी निळ्या पेन्सिलीची वाट पाहत उभी. त्यांनी कागद परत गुंडाळून माझ्या हातात दिला. "लेकिन इस में उजाला दो तरफ से है. स्टूलवाला पाँव पूरा करो." खूण त्यांनी केली नाही. परतीच्या बसमध्ये घाट संपेपर्यंत मी रुमालात तोंड खुपसून रडले. आईच्या पायासाठी नाही, निळ्या खुणेसाठी.

शाळा उघडायच्या चार दिवस आधी मला प्लास्टरच्या पायाची खूण मिळाली. पुढच्या वर्षी कान, असं ठरलं. आईची पट्टी निघाली, मृगाआधी ती हट्टाने गावी परत गेली. दिवाळीनंतर चार दिवसांच्या तापाने ती गेली. मी पुन्हा निर्मलला गेले नाही.

कित्येक वर्षं मी सरांवर चिडत राहिले. त्यांच्या पंख्यावर, त्यांच्या "देखो"वर. परवा हे लिहायला घेण्याआधी ती जुनी वही काढली. त्यांनी सांगितलेला प्रत्येक नियम तारीखवार लिहिलेला आहे. क्रम त्यांच्या शेडमधला होता. घरी, माझ्या ओसरीवर, माझ्या आईचा चेहरा काढायचा नाही, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. मी दोनदा वाचलं. आठ दिवस ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती, आणि मी तिच्या घोट्याच्या वर पाहिलं नाही.

आता मी तुम्हाला तिचा चेहरा काढून पाठवावा, म्हणून गेला आठवडाभर बसते आहे. नाक येतं, ओठ येतात, पट्टी येते. कपाळाशी हात थांबतो. गोंदणाचे ठिपके पाच होते की सात, मला सांगता येत नाही. विचारावं असं कुणी उरलेलं नाही, आणि जो फोटो आहे त्यात ते पुसलेले आहेत. पायाच्या भेगा मात्र विचारा. उजव्या टाचेला अकरा.