श्रीखंडाच्या डब्यातलं मटण

फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवून परत गरम केलेलं मटण ज्यानं खाल्लंय त्यालाच कळेल मी काय म्हणते ते. वर पांढऱ्या चरबीचा थर धरतो. तो टाळ्याला मेणासारखा चिकटतो आणि दोन तांबे पाणी प्यालं तरी निघत नाही. शी! आज इतक्या वर्षांनी कुणाच्या फ्रीजचं वरचं दार उघडलं आणि तो गार, कोंदट वारा तोंडावर आला की मी दार लगेच लावून टाकते. आणि हे सगळं मी माझ्याच हातानं केलेलं, त्यामुळं दुसऱ्या कुणाला शिव्या घालायचीही सोय नाही.

त्या वेळी मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात होते. माल बाहेर पडताना लागणारे कागद माझ्याकडं. घर उचगावात. सकाळी पावणेआठला स्कूटी काढायची, ती संध्याकाळी साडेसहाला परत अंगणात लावायची. घरात नवरा, आठ वर्षांची लेक, सासू आणि सासरे. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची, सासऱ्यांना मामा. आत्तींचा उजवा हात मनगटात मोडून वाकडा बसलेला, त्यामुळं वाटणघाटण त्यांच्यानं व्हायचं नाही. नोकरी लागली त्याच दिवशी मामांनी सगळ्यांसमोर अट घातली. "नोकरी कर, माझं काय म्हणणं न्हाय. पण दोन टाइम ताटात ताजं पडलं पायजे. ज्या दिवशी पडणार न्हाय, त्या दिवशी नोकरी बंद." नवरा पेपरात डोकं घालून बसला होता. त्यानं ते तसंच ठेवलं.

नोकरी मला सोडायची नव्हती. उगाच मोठमोठी कारणं सांगत नाही. तिथं माझं एक टेबल होतं, त्याच्या खणाला कुलूप होतं, आणि दुपारी डबा उघडला की मी खुर्चीवर बसून, सावकाश जेवत होते. घरात मी कधी बसून जेवल्याचं मला आठवत नाही.

ऑफिसात पुण्याहून आलेली एक बाई होती. तिनं सांगितलं, रविवारी आठवडाभराचं करून ठेवायचं, डबे फ्रीजरमध्ये टाकायचे, रोज एकेक काढून गरम करायचा. मला वाटलं, वा! सुटले. आदल्याच दिवाळीला आम्ही दोन दारांचा फ्रीज आणला होता. गल्लीतल्या बायकांकडून श्रीखंडाचे रिकामे डबे गोळा केले आणि रविवारचा कारखाना चालू झाला. सकाळी मटण यायचं. खोबरं भाज, कांदा भाज, तीळ, खसखस, आलं, लसूण, कोथिंबीर, मिक्सर तापून त्याचा जळका वास घरभर. तांबडा रस्सा, सुकं, अख्खा मसूर, वांगं, बटाटा. दुपारी दोनपर्यंत माझ्या केसांना, ब्लाउजला, नखांना मसाल्याचा असा वास लागायचा की सोमवारी ऑफिसात शेजारची खुर्ची जरा लांब सरकायची. आणि रविवारी संध्याकाळी मला स्वतःला घास गिळवायचा नाही. आठ तास ज्याची वाफ अंगावर घेतली ते तोंडात काय घालायचं!

आणि फ्रीजरमधून निघायचं काय, तर बटाट्याचा स्पंज. चावला की त्यातनं गार पाणी सुटायचं. वांग्याची साल गोगलगायीसारखी सुटून बोटाला यायची. आणि ते डबे! राखेनं घासले, लिंबानं घासले, उन्हात वाळवले, तरी श्रीखंडातल्या वेलदोड्याचा वास काही जाईना. वेलदोड्याच्या वासाचा तांबडा रस्सा! कोल्हापुरात असलं काही करणाऱ्या बाईला खरं तर वेशीबाहेर नेऊन सोडलं पाहिजे.

दोन महिने मी मामांना गंडवलं. वरनं लसणाची खमंग फोडणी टाकायची, मूठभर कोथिंबीर पेरायची, की म्हातारा पाचही बोटं चाटत उठायचा. मग एका बुधवारी ऑफिसातनं यायला उशीर झाला, रस्सा नीट वितळलाच नव्हता, आणि घाईत मी तसाच वाढला. मामांनी मोठा घास घेतला आणि कचकन आवाज आला. त्यांनी तोंडात बोटं घालून बर्फाचा खडा बाहेर काढला आणि ट्यूबच्या उजेडात धरला.

"ह्ये काय गं?"

त्यांनी पुढचा-मागचा विचार न करता सगळा घास ताटात थुंकला. अर्धवट चावलेलं मटण, त्याला लाळेची तार. लेक बघतेय, नवरा बघतोय. "मुडदाघरातलं खायला घालतीस व्हय मला?" म्हणाले. आणि मग फ्रीजर उघडून एकेक डबा बाहेर काढून कट्ट्यावर मांडला, चोरीचा माल मांडावा तसा.

त्या दिवशी नवीन अट आली. मामा असलं शिळं खाणार नाहीत, त्यांच्यासाठी सकाळी वेगळं पातेलं शिजेल. पण अन्न टाकायचं नाही. "एक डबा जरी उकिरड्यावर दिसला, तर त्याच दिवशी तुझी नोकरी बंद. मी बसलोय हितंच." आणि ते खरोखर बसायचे. अंगणात खुर्ची, समोर उकिरडा. आठ दिवसांत नवराही म्हणायला लागला, मला पण बाबांच्यातलंच वाढ. लेकीनं तर डबा बघूनच नाक धरलं. तरी रविवारचा कारखाना मी जरा लहान करून चालूच ठेवला; बंद केला असता तर मामा जिंकले असते. मी संध्याकाळी एकटी त्या डब्यातलं खायची, डोळे मिटून, श्वास धरून, आणि उरलेलं परत आत ठेवायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसातनं यावं तर ते डबे घासून मोरीच्या फळीवर पालथे घातलेले असायचे.

मी म्हणायची, बरं झालं. आत्ती मागच्या दारानं गल्लीतल्या कुत्र्याला घालत असणार. आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चरफडायची. कारण तोंडानं त्यांची एकच टकळी चालू असायची, "शिळं त्ये शिळंच बाई. किती बी तापवा." मी रविवारी मरमर मरायचं आणि हिनं कुत्र्याला घालून मोकळं व्हायचं, वर टोमणे आहेतच! एकदा तर मी ताडकन बोलले, "आत्ती, एवढा त्रास होत असेल तर तोंड तरी बंद ठेवा की." त्या चुलीपाशी बसून कालची भाकरी चटणीला लावून खात होत्या. रोज सकाळी खायच्या. मीही उभ्याउभ्या तेच खायची. आमच्याकडं शिळी भाकरी टाकत नाहीत, बायकांना असते ती.

मग उन्हाळा आला आणि लोडशेडिंग सुरू झालं. शहरात कमी, आम्ही खेड्यात धरलेलो म्हणून आम्हाला जास्त. सकाळी गेलेली लाइट पार दुपार कलल्यावर यायची. सगळं वितळायचं आणि परत गोठायचं. एका गुरुवारी संध्याकाळी मी फ्रीजर उघडला आणि मागंच सरकले. मटणाचा रस डब्यातनं गळून तळाला लाल थारोळं साचलं होतं आणि तसंच थिजलं होतं, त्यात डबे रुतून बसलेले. झाकण तडकलेला एक डबा ओढून काढला. आत बुडबुडे. वास असा आंबूस आणि गोडसर, की माझा हात आपोआप नाकावर गेला. सडलं होतं. त्यात शंकेला जागाच नव्हती.

बाहेर मामा खुर्चीत. समोर उकिरडा. मागच्या दारी ओतावं तर वास गल्लीभर.

मी तो डबा परत आत ठेवला. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण ठेवला. म्हटलं, सकाळी पर्समध्ये घालून न्यावा आणि हायवेच्या कडेला कुठंतरी भिरकावून द्यावा. सकाळी मामांचं पातेलं, लेकीची वेणी, नवऱ्याचा डबा, आणि त्यात स्कूटी चालू होईना. निघाले ती निघालेच. डबा राहिला.

दुपारी तीनला नवऱ्याचा फोन आला. आईला दवाखान्यात आणलंय, लगेच ये.

आत्ती कॉटवर आडव्या होत्या. सलाइन लावलेलं, डोळे आत गेलेले, लुगड्याचा पदर ओला. खाली बादली होती. मी जवळ गेले आणि मला त्या ओकारीचा वास आला. त्या वासात वेलदोडा होता.

डॉक्टर विचारत होते, "आज्जी, काय खाल्लं होतं?"

"ताजंच खाल्लो की. सुनंनं सकाळी करून ठेवलेलं."

"खोटं बोलतीय आज्जी," माझी लेक कोपऱ्यातनं म्हणाली. सुट्टीमुळं ती दिवसभर घरीच असायची. "ती रोज डब्यातलंच खाते. आम्ही कुणी खात नाही ना, ते सगळं तीच संपवते. आज मी म्हटलं वास येतोय, तर म्हणाली गप बस, आजोबांनी बघितलं तर तुझ्या आईची नोकरी जाईल."

कुत्रं! आत्ती कुत्र्याला घालतात म्हणून मी चरफडत होते. मामांचं थुंकलेलं ताट बघून आली नव्हती एवढी किळस मला त्या घडीला स्वतःची आली. मी सगळ्यांदेखत, दाराशी उभ्या असलेल्या मामांकडं बघून सांगून टाकलं की ते नासलंय हे मला कालच कळलं होतं, आणि तुम्ही उकिरड्यासमोर बसला होता म्हणून मी ते परत आत ठेवलं.

मामांना तेवढंच पाहिजे होतं. "बघा! म्हणून सांगत हुतो. मारलंस की तिला. आता बास झालं, सोमवारपासनं घरात बसायचं." नवऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. आणि मी, खरं सांगते, मान हलवणार होते. त्या बादलीशेजारी उभं राहून नोकरी मागायला माझ्याकडं तोंडच नव्हतं.

तेवढ्यात कॉटवरनं आवाज आला. बारीक, पण आत्तींचाच.

"ती सोडणार न्हाय." मग दम घेऊन मामांकडं बघून म्हणाल्या, "पन्नास वर्सं तुमच्या घरात शिळं खाल्लो. तुमी एक दिस तरी इचारलासा का, काय खातीस म्हणून? आणि आज पोटात दुखलं, तर तिची नोकरी सोडाय सांगताय व्हय?"

डॉक्टर उगाच सलाइनची नळी तपासत बसले. बर्फाचा एक खडा लागला म्हणून ज्या माणसानं सगळा घास ताटात थुंकला होता, त्याच्यापासून दोन हातांवर बसून ही बाई रोज कालचं खात होती. त्याला ते कधी दिसलं नाही आणि मलाही दिसलं नाही. घरातल्या बाकीच्यांनी खाऊन वर जे उरेल ते गिळायला एक बाई लागते, आणि आम्ही सगळ्यांनी ती आत्तींना करून टाकली होती. मी तर हसतखेळत, फ्रीज आणून.

तीन दिवसांनी त्या घरी आल्या. मी आधीच सगळे डबे उकिरड्यावर नेऊन ओतले होते, मामांच्या डोळ्यांदेखत, एकेक झाकण उघडून. हिरवं, काळं, बुळबुळीत काय काय निघालं, विचारू नका. ते खुर्ची उचलून आत गेले. सोमवारी मी कामाला गेले. त्या आठवड्यापासून नवरा कांदा चिरायला लागला, वाकडातिकडा आणि तोंड वाकडं करून, पण लागला.

पुढच्या रविवारी मी त्या दिवसापुरतंच केलं. एक भाजी आणि भाकरी. नवरा बाहेर गेला होता; मामा, आत्ती आणि लेक, तिघांची ताटं मांडली, मामांच्या ताटात दुरडीतली सकाळची भाकरी ठेवली. त्यांनी ती उचलून वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं मोडायला लागले. मग तव्यावरची, टम्म फुगलेली, वाफ निघणारी पहिली भाकरी मी आत्तींच्या ताटात टाकली. वर लोण्याचा गोळा.

त्यांनी भाकरीला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. ताट थोडं बाजूला सारलं आणि गुडघ्यावर वाकडा हात ठेवून बसून राहिल्या.

"खावा की आत्ती, गरम हाय तवर."

"निवू दे बाई," त्या जरा लाजून म्हणाल्या. "गरम मला तोंडात धरवत न्हाय. सवयच न्हाय."

मी पुढच्या भाकऱ्या थापत राहिले. मामांचं जेवण उरकलं, लेक हात धुऊन खेळायला गेली. ती भाकरी पार गार झाली, तेव्हा आत्तींनी पहिला घास मोडला.