वाचलेला मेल शोधात येतच नाही!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

हरिहरेश्वरला आमच्या पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. आज दुपारी एक गृहस्थ वडिलांचं पिंडदान करून आले आणि मी त्यांच्यापुढे सुरमईचं ताट ठेवलं! ते हात जोडून उठले. "ताई, साधं जेवण हवं, असं मेलवर कळवलं होतं."

मी मेलमध्ये 'बुकिंग'चा शोध सेव्ह करून ठेवलाय, रोज तोच बघते. त्यात हा मेल नव्हताच. खटपट केल्यावर कळलं, त्या शोधात 'फक्त न वाचलेले' वर टिक होती. आणि धाकट्या दिरांनी मेल त्यांच्या फोनवर आधीच उघडला होता.

"मला वाटलं, वहिनी बघतील," म्हणतात!

टिक मी काढली. पण घराघरात बसलेलं हे 'वहिनी बघतील' कसं काढायचं, सांगा कुणीतरी!