मोरचुदातलं पाणी

माझी मुलगी अणू मोजायला दुसरीकडे जाते. मी नाशकातच कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, अर्धं आयुष्य त्यातच गेलं, आणि पोरगी अकरावीत गेल्या गेल्या म्हणाली, "आई, मला कॉलेज रोडच्या मॅडमचा क्लास लाव." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! लावला.

ती मॅडम नामपूरकडची, कांद्याच्या मुलखातली. वयानं माझ्या निम्मी असेल. तिचं सगळं शिकवणं कांद्यावरून. बाजार समितीत कांदे कुणी मोजत बसतं का? भरलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची, रिकामी झाली की पुन्हा घ्यायची, फरक काढायचा. त्याला एका कांद्याच्या वजनानं भागलं की झाला हिशोब. अणूंचंही तसंच, म्हणे. उदाहरण चांगलं होतं. मला इतक्या वर्षांत सुचलं नाही, याचाच जास्त राग आला.

राग कसला, जळत होते मी. स्पष्टच सांगते. घरात उठता बसता "मॅडम म्हणतात". परवा कुकरचं झाकण बसेना, मी वैतागले, तर ही म्हणते, "सोपं शे, आई." आमच्या सात पिढ्यांत कुणी त्या मॅडमसारखं 'आहे'ला 'शे' म्हटलेलं नाही.

मग एका संध्याकाळी टेबलावर क्लासचा छापील कागद दिसला. पाच ग्रॅम मोरचुदात, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटात, तांब्याचे अणू किती? खाली मॅडमचं उत्तर. मी सहज नजर टाकली आणि मनात उकळ्या फुटल्या. बाईनं निळ्या खड्यांमध्ये मुरलेलं पाणी धरलंच नव्हतं. नुसतं कोरडं मोरचूद समजून भागाकार केला होता, त्यामुळे अणू जवळजवळ दीडपट आले होते. नामपूरची बाई, आणि रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करायला विसरली!

जेवायला बसल्यावर मी अगदी साधेपणानं म्हटलं, "तुमच्या मॅडमचं ते मोरचुदाचं उत्तर चुकलंय गं."

"माहितीये," ती भाकरी मोडत म्हणाली. "मीच सांगितलं वर्गात. मॅडम तेच फळ्यावर सोडवत होत्या, लगेच पुसलं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, आज मी हिच्याकडून शिकले." तिचे डोळे असे चमकत होते की मला बघवेना. चूक करूनही मॅडमच वर.

"तुला कसं कळलं पण, पाण्याचं?"

"असं काय करतेस? आजोबांच्या द्राक्षबागेत फवारणीचं मोरचूद आणलेलं, तू पळीत तापवून दाखवलं नव्हतंस? पांढरं झालं. मग थेंबभर पाणी टाकलंस, परत निळं."

तेव्हा ही दुसरीत असेल. मी विसरूनही गेले होते. न विचारता राहवलं नाही.

"मॅडमनी विचारलं असेल ना, कुणी शिकवलं म्हणून?"

"विचारलं की."

"मग?"

"मी म्हटलं, कुणी नाही. असंच माहीत होतं."

मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.