माळवदावरची वाट

आमच्या गावाचा जुना भाग टेकाडावर आहे. त्याला आम्ही नुसतं 'चढ' म्हणतो. खाली बाजार, कचेरी, मोटारस्टँड. आणि वर घरं. ती एकाच्या डोक्यावर एक अशी बसली आहेत की खालच्या घराचं माळवद आणि वरच्या घराचा उंबरठा एका पातळीत येतो. माळवद म्हणजे सागवानी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. वरच्या घराला अंगण नसतं. खालच्याचं माळवद हेच त्याचं अंगण. तिथं कुरडया वाळतात, मिरच्या वाळतात, आणि काही घरांची जायची-यायची वाटही त्यावरूनच असते. त्या बदल्यात दरवर्षी मृगाच्या आधी वरच्यानं खालच्याचं माळवद लिंपून द्यायचं. जो वापरील त्यानं राखावं, असा हा साधा हिशोब. चढावर जन्मलेल्या माणसाला तो कुणी शिकवावा लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

सत्तर सालानंतर चढावरची बरीच घरं विकायला निघाली. कुणी कापसाच्या धंद्यापायी सेलूला गेलं, कुणाची मुलं परभणीला नोकरीला लागली, कुणाला खाली सपाटीवर स्लॅबचं घर हवं झालं. मी कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज आणि दस्त लिहीत असे. माझं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून सुरू झालेलं, त्यामुळं जुने कागद वाचायला लोक माझ्याकडे यायचे, आणि कागदांमागून घरंही आली. घर घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून देणं हा माझा जोडधंदा झाला.

मला ते काम मनापासून आवडायचं. सकाळी टेबल मांडायच्या आधी मी गिऱ्हाईकाला घेऊन चढ चढायचो. तुळईवर बोटाच्या पेरानं टकटक करून वाळवी ओळखायचो. माळवदावर घागरभर पाणी ओतून ते कुठं थांबतं ते बघायचो. मग घरधनिणीला म्हणायचो, "बाई, चूल कुठल्या कोपऱ्यात मांडणार?" तिनं लगेच कोपरा दाखवला की समजायचं, सौदा झाला. नवरे महिनाभर विचार करतात. बायका उंबरठ्यातच ठरवतात. पायऱ्यांवर बसून मी किती घरांचा चहा प्यालो असेन! आजही चढाकडं पाहिलं की प्रत्येक दारामागं कोण होतं आणि कोण आलं ते मला सांगता येतं, आणि बरं वाटतं.

पण त्यातल्या एका घराचा कागद मी खोटा वाचला. ते लिहिल्याशिवाय बाकीच्या घरांबद्दल लिहायचा मला हक्क नाही.

घेणारे एक गुरुजी होते. मूळचे पिंगळीकडचे, तिशीतले, बौद्ध. आमच्या गावी शाळेत बदलून आले होते आणि स्टँडमागं एका खोलीत भाड्यानं राहत होते. मी त्यांना चढावर तीन घरं दाखवली. पहिल्या मालकानं आडनाव विचारलं आणि किंमत दुप्पट केली. दुसरा म्हणाला, "पोरीचं लग्न झाल्याबिगर घर विकायचं न्हाई." पोरीचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, आणि तिचं लेकरू तेव्हा ओसरीवरच खेळत होतं. तिसऱ्यानं काही न बोलता कडी लावली. उतरताना गुरुजी हसून म्हणाले, "त्या दुसऱ्याच्या पोरीचं लग्न लवकर जमू दे म्हणावं. नातू मोठा व्हायलाय."

मलाही हसू आलं आणि लाजही वाटली.

चौथं घर सेलूला गेलेल्या एका कापूस व्यापाऱ्याचं होतं. त्याला कोण घेतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. "तुमी बघा, मला फकस्त सहीला बोलवा," असा त्यानं निरोप धाडला आणि जुना उर्दू कागद माझ्याकडे पाठवून दिला. घर चांगलं होतं. गुरुजींच्या मंडळींनी आत पाऊल टाकताच चुलीचा कोपरा दाखवला.

त्या आठवड्यात कागद घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. मंडळी दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. गुरुजींनी सतरंजी झटकून टाकली आणि म्हणाले, "मला उर्दू येत न्हाई. तुमी एकेक अक्षर वाचा. माझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या परड्यात झोपडी टाकून राहिला. कुणीबी यायचं अन् म्हणायचं, उठ. घर बारकं असू द्या, गळकं असू द्या. पण त्याच्यात दुसऱ्या कुणाचा बोटभर हक्क नको."

मी वाचायला लागलो. हद्दी वाचल्या, खणांची मोजणी वाचली, तुळया वाचल्या. मग एक ओळ आली: वरच्या मकानाच्या मालकाला या मकानाच्या छतावरून येण्याजाण्याचा हक्क राहील, आणि छताची दरसाल लिंपाई त्याच्या जिम्मे राहील.

मी ती पाहिली. श्वास घेतला. आणि खालची ओळ वाचली.

का? मला दलाली मिळणार होती हे खरं. पण तेवढंच असतं तर मी ते केव्हाच विसरून गेलो असतो. मला त्या माणसाला घर मिळवून द्यायचं होतं. तीन दारं बंद झाली होती आणि हे चौथं मी उघडून दाखवणार होतो. माझ्या चांगुलपणाचा मलाच इतका अभिमान झाला होता की तो मोडू नये म्हणून मी खोटं वाचलं. मनाशी म्हणालो, वरचा माणूस भला आहे, पुढं आपोआप जुळेल.

वरचा माणूस म्हणजे टेलर. त्यांचा एक पाय लहानपणापासून वाळलेला. काखेत कुबडी घेऊन चालायचे. त्यांच्या घराला मागून दगडी पायऱ्या होत्या, बेचाळीस, उंच आणि झिजलेल्या. त्या उतरणं त्यांना जमत नसे. ते रोज सकाळी उंबरठ्यातून निघून या माळवदावरून चालत पलीकडच्या वळणावरच्या गल्लीला लागायचे, आणि तिथून सावकाश बाजारातल्या दुकानात. नवीन मालक येणार आहेत हे मी त्यांना सांगितलं. नव्या मालकांना काय सांगितलं नाही, ते सांगितलं नाही.

दस्त झाला. गुरुजी राहायला आले. चौथ्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभे.

"सकाळी आमच्या छतावरून कोण जातंय?"

"टेलर आहेत वरचे," मी म्हणालो. "जुनी सवय आहे. मी बोलतो त्यांच्याशी."

"सवय आत्ताच आठवली का? मागं पायऱ्या हायेत की. मंडळी भाकरी थापायला बसल्या की डोक्यावर ठक ठक. मुद्दाम चालायलाय, असं वाटतंय तिला. मलाबी."

मी पुन्हा म्हणालो, "बोलतो." आणि बोललो नाही. पहिलं खोटं एका श्वासाचं होतं. हे दुसरं तीन महिने टिकलं.

वैशाखात टेलर आणि त्यांच्या मंडळी पांढऱ्या मातीच्या पाट्या घेऊन माळवदावर आले. दरवर्षीचं लिंपण. गुरुजींना वाटलं, आज माती टाकतात, उद्या जागा आपली म्हणतील. त्यांनी खालून आवाज दिला, "माझ्या घराला हात लावायचा न्हाई!" टेलर चक्रावून म्हणाले, "अवो गुरुजी, तुमचंच काम करायलाव." ते गुरुजींना आणखी झोंबलं. दुसऱ्या दिवशी माळवदाच्या कडेला, टेलरच्या उंबरठ्यासमोर, बाभळीच्या काट्या पडल्या.

लग्नसराई ऐन भरात होती. टेलर घरात अडकले. त्यांच्या मंडळी बेचाळीस पायऱ्या उतरून कपड्यांची गाठोडी खाली न्यायच्या आणि मापं घेऊन वर यायच्या. बायकांच्या मापात त्या तरबेज होत्या. पुरुषांची त्या अंदाजानं घ्यायच्या. एका नवरदेवाचा कोट असा झाला की वरातीत तो हात वर करू शकेना. चढभर हशा झाला. पण दुकानाला कुलूप होतं आणि गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊ लागलं होतं.

लोक आपापल्या परीनं अर्थ लावू लागले. पारावर एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "घर दिलं की असंच हुतंय." ज्यानं पोरीच्या लग्नाचं कारण सांगितलं होतं, तोच. मी मान खाली घालून पुढं गेलो. त्याला मीच हे बोलायला जागा करून दिली होती.

मी टेलरकडं गेलो ते पायऱ्या चढून. ते उंबरठ्याशी मशीन ओढून बसले होते, काट्यांकडं तोंड करून.

"बसा," ते म्हणाले. "कोट शिवायचा का? बायको माप घेईल. हात वर कराचे नसले तर."

मी बसलो. ते दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, "माणूस वाईट न्हाई त्यो. माझ्या पोराला शाळेत शिकवतोय, लय चांगलं शिकवतोय. त्याला कुणी सांगितलंच नसंल, असं मला वाटायलंय." सुईवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "तुमी सांगितलं हुतं ना?"

मी म्हणालो, "नाही. कागदात होतं. मी वाचलं नाही."

टेलरनी सुई कापडात टोचून ठेवली. "मग हितं कशाला बसलाव?" ते म्हणाले. "खाली जावा की."

मी खाली गेलो. दुपार होती, शाळेला सुटी होती, गुरुजी घरी होते. मी म्हणालो, तो उर्दू कागद काढा. त्यांनी पेटीतून काढला. मी उभ्यानंच ती ओळ वाचली, दोन्ही अर्धी.

"पुन्हा वाचा."

मी वाचली.

"त्या दिवशी हे हितंच हुतं?"

"इथंच होतं."

गुरुजींचा चेहरा लाल झाला नाही, उतरला. म्हणाले, "त्या तिघांनी तोंडावर न्हाई म्हणलं. मला कळलं तरी. तुमी गोड बोलून माझं वाचायचं काम केलंत अन् मला आंधळा ठेवलंत." मी सांगितलं की तुम्ही घर घेणार नाही अशी मला भीती वाटली. ते म्हणाले, "न घेणं माझ्या हातात हुतं. ते तुमी काढून घेतलं."



त्यांच्या मंडळी आतून म्हणाल्या, "म्हंजी ते माती घेऊन आले, ते आपलंच छत लिंपायला आले हुते?" त्या पुन्हा म्हणाल्या, "अन् आपण काट्या टाकल्या."

गुरुजी लगेच उठले नाहीत. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "तुमच्या वाचण्यावर आता माझा भरवसा न्हाई." त्यांच्या शाळेत उर्दू शिकवणारे एक वयस्कर मास्तर होते. गुरुजी त्यांच्याकडे गेले, कागद आरंभापासून शेवटापर्यंत वाचून घेतला आणि मराठीत उतरवून आणला. परत आल्यावर टोपलं आणि कोयता घेऊन वर गेले आणि एकेक काटी उचलली. बोटं रक्ताळली तरी मला हात लावू दिला नाही.

पण घर त्यांचं होतं आणि त्यांची अट अजून जिवंत होती. दुसऱ्याचा हक्क आपल्या छतावर आधीपासूनच होता, हे त्यांना सोसवेना. दोन दिवसांनी त्यांनी टेलरना घरी बोलावलं. टेलर काट्या पडण्याआधीसारखे ठक ठक करत माळवदावरून आले आणि वळणाच्या गल्लीनं फिरून खालच्या दारात उतरले. मलाही निरोप होता.

गुरुजींनी स्टँपपेपर आणला होता. शाळेतल्या फळ्यावर काढतात तशा सुबक अक्षरात त्यांनी स्वतः लिहिलं होतं. आधीच्या कागदात जे होतं ते होतं, पण आज या घराचा मालक म्हणून मी, माझ्या खुशीनं, शेजाऱ्यास माझ्या माळवदावरून वाट देत आहे, ती त्यांच्या मुलाबाळांनाही राहील, आणि लिंपण आम्ही दोन्ही घरं मिळून करू.

टेलर ऐकत होते. म्हणाले, "गुरुजी, ही वाट मला बापापासून हाय."

"ती तुमची हाय, मला ठावं झालं," गुरुजी म्हणाले. "पण मी आल्यापासून मला कुणी विचारलं न्हाई. आता मी देतोय. घ्याल का?"

टेलरनी कुबडी भिंतीला टेकवली. "घेतो की," ते म्हणाले. "तुमी देताव म्हणल्यावर का न्हाई घेणार? पण कोटाचं कापड आणा माझ्याकडं. तुमचं माप मी सोता घेतो."

गुरुजींच्या मंडळी हसल्या. चहा आला.

गुरुजींनी तो कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. वाचताना बोट प्रत्येक शब्दाखाली धरलं होतं, आणि मी ते पाहत होतो. मग कागद माझ्यापुढं सरकवला. "साक्षीदार म्हणून सही करा." मी केली. माझ्या सहीखाली फुंकर मारून त्यांनी शाई वाळवली आणि कागद टेलरच्या हाती दिला.

त्या रविवारी दोन्ही घरांनी मिळून माळवद लिंपलं. मी न बोलावता गेलो. कुणी जा म्हटलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. टेलरच्या मंडळींनी एक पाटी माझ्याकडे सरकवली. दुपारपर्यंत मी माती वाहिली, आणि ऊन असूनही ते काम मला सुखाचं वाटलं. गुरुजींनी पुढं विहिरीच्या वाट्याचा कागद केला तो दुसऱ्याकडून लिहून घेतला. त्यात त्यांची काही चूक नाही. मी त्यानंतरही चढावर घरं दाखवत राहिलो. फक्त कागद हाती आला की आधी त्यातली सगळ्यात अडचणीची ओळ शोधतो आणि ती पहिल्यांदा वाचून दाखवतो. काही सौदे तिथंच मोडतात. गिऱ्हाईक नमस्कार करून पायऱ्या उतरतं, आणि मी त्याच्यासोबत खाली येतो, दुसरं घर दाखवायला.