पुलीवरचं चंदेरी स्वस्तिक

गेल्या रविवारी अर्नाळ्याला गेलो होतो... मासळी आणायला नाही, माफी मागायला. तीही एक वर्ष उशिरा.

वसई ईस्टला आमच्या गाळ्यात प्लास्टिकचे दाणे वाळवायचं काम चालतं. मेंटेनन्स माझ्याकडे. हरेश्वर काका आमचे सगळ्यात जुने फिटर, आधी बोटींच्या इंजिनांवर काम केलेले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावायचे... आणि मशीनचं दुखणं सांगायचे.

मागच्या दसऱ्यानंतर दाण्यांवर गरम हवा सोडणाऱ्या मोठ्या ब्लोअरला नवीन ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा डबा, बसवला. स्पीड सेट करायला मी डिजिटल मीटर घेऊन उभा. पंख्याच्या पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवायची आणि समोरून मीटरचा लाल किरण धरायचा. पट्टी चमकली की एक फेरा मोजला जातो. हवा तेवढाच, चौदाशे आकडा आला, मी खूश.

काकांनी कान लावला. म्हणाले, "साहेब, पंखा अर्ध्यावरच हाय. आवाज ऐका ना."

मोटरची पुलीही नवीन होती, म्हणून ड्राइव्हवर दिसणारा मोटरचा स्पीड मी मीटरच्या आकड्याशी ताडून पाहिलाच नव्हता. पण तेव्हा कोण ऐकतंय! "मीटर खोटं बोलत नाही काका. एकदा कान तपासून घ्या," असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. पोरं हसली... खरं सांगतो, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी माल ओलाच निघाला. मशीन बंद करून पाहिलं, तर माझ्या पट्टीच्या बरोबर समोरच्या बाजूला हळद-कुंकवात अर्धं झाकलेलं एक चंदेरी स्वस्तिक. दसऱ्याच्या पूजेत मीच चिकटवलेलं, हौसेने. पट्टी एकदा आणि हे एकदा, असं एका फेऱ्यात दोनदा चमकायचं आणि मीटर दोन फेरे मोजायचं. पंखा खरंच अर्ध्यावर होता.

मी काय केलं? कोणी बघायच्या आत तो स्वस्तिकाचा स्टिकर उपटून खिशात घातला. स्पीड वाढवला आणि सगळ्यांना सांगितलं, "काल मीटर बरोबरच होतं, बेल्ट रात्री ढिला झाला." काका तिथेच उभे होते. स्क्रू ड्रायव्हर पेटीत ठेवून दिला त्यांनी.

दिवाळीला त्यांनी काम सोडलं. वय झालं म्हणाले. मी शाल घातली, वर भाषणही ठोकलं... आज आठवलं की लाज वाटते.

स्टिकर मात्र वर्षभर पाकिटात राहिला. का ठेवला, माहीत नाही.

रविवारी काका किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. शेजारी पुतण्या बोटीचं इंजिन चालू करत होता. "काका, जरा ऐका ना, आवाज कसा येतो?" तो म्हणाला. काकांनी मान वर न करताच म्हटलं, "मला नको इचारू."

ते ऐकलं आणि मला राहवेना. स्टिकर त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

काकांनी तो उलटून पाहिला. मग म्हणाले, "तुमी बोल्ले म्हनून डॉक्टरकडे गेलतो. कान चांगले हायेत बोल्ला. मंग वाटलं, माझं डोकंच बिघडलं."

चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते शांतपणे उठले, बोटीपाशी गेले आणि स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला लावून कान दिला. खूप वेळ ऐकलं... आणि मग पुतण्याला विचारलं, "बराबर हाय ना रे?"

पंख्याचा स्पीड मी पाच मिनिटांत दुरुस्त केला होता. हे कसं दुरुस्त करायचं, ते मला येत नाही.