बाळंतिणीची गादी

कासारवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या संसारात एक उत्तम गादी होती, आणि तिच्यावर कोणीही झोपत नसे. ती पाहुण्यांची होती. सासूबाईंनी ती गुंडाळून ट्रंकेवर ठेवली होती आणि धूळ बसू नये म्हणून वर जुनं लुगडं पांघरलं होतं. घरातल्या माणसांना वाकळ, गादीला लुगडं. तिला रोज हळदकुंकू तेवढं वाहत नव्हतो.

ती गादी करून घेतली तो दिवस मला आठवतो. पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. पिंजारी दारात बसून धनुकलीवर कापूस पिंजत होता आणि सासूबाई त्याच्यासमोर सकाळपासून ठाण मांडून होत्या. त्यांच्या भुवयांवर, केसांत, नाकपुडीत कापूस बसला, पण नजर हलली नाही. शेवटी म्हातारा चाचा कंटाळला. म्हणाला, "बाई, घोटभर पाणी तरी पिऊन या. मी कापूस खात नाही."

"खात न्हाईस, पर उडवतोस लई," सासूबाई म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.

पुढे मला दिवस गेले. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, ही चैन माझ्या नशिबी नव्हती. सातव्या महिन्यापासून कंबरेने असा काही दावा मांडला की खाली बसलं तर उठवेना आणि उठलं तर बसवेना. रात्री फरशीवरच्या वाकळेत कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस मनाचा हिय्या करून मी सासूबाईंना विचारलं, "बाळंतपणात माझ्याखाली ती गादी घालाल का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाराच मागितला होता.

"बाळंतिणीचं अंथरूण सुईणीला जातं," त्या म्हणाल्या. "चांगली गादी का सुईणीला घालायची व्हय?"

रीत खरीच तशी होती. बाळंतीण ज्याच्यावर निजली ते विटाळाचं, बाराव्या दिवशी सुईणीने ते घेऊन जायचं. त्यामुळे घरातलं सगळ्यात फाटकं ते बाळंतिणीला, हे ओघानेच आलं. बाईच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दिवसांना सगळ्यात टाकाऊ अंथरूण, आणि याला कोणी कंजुषी म्हणायचं नाही, रीत म्हणायचं! पण आमच्या घरात टाकायला फाटकी गादीसुद्धा नव्हती. म्हणून आमच्या ह्यांना दापोडीला धाडलं, तयार गाद्यांच्या दुकानात. हुकूम एकच, स्वस्तात स्वस्त.

हे कंपनीची शिफ्ट संपवून सायकलच्या कॅरियरला गादी बांधून आले ते मोहीम जिंकल्याच्या थाटात. खरेदीची हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली. ह्यांनी विचारलं, "टिकेल ना?" दुकानदाराने उलट विचारलं, "कुणासाठी?" हे म्हणाले, "बाळंतिणीसाठी." त्यावर तो हसून म्हणाला, "मग टिकून करायचंय काय, राव?" आणि आतून वेगळ्या थप्पीतली गादी काढून दिली.

म्हणजे ह्या मालाची वेगळी थप्पीच होती. सगळ्या बाजाराला ठाऊक होतं की बाळंतिणीच्या पाठीला काहीही चालतं. ह्यांना मात्र त्यात दुकानदाराची हुशारी तेवढी दिसली.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. त्या गादीने ही म्हण खोटी पाडली. मधोमध खळगा, कडेला गाठी, आणि वास असा की पुढ्यातल्या शेगडीवर ओवा टाकला तरी गादीच जिंकायची. मुलगी झाली त्या रात्री मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र कंबरेखालची एकेक गाठ मी ओळखू लागले. पुढे शिवण उसवली आणि आतून काळपट सुताचा गुंता बाहेर आला. ह्यांनी तो बोटांनी चोळला, हुंगला, आणि चेहरा उजळला.

"अगं, हे वेस्ट आहे! कंपनीत आम्ही मशीन पुसतो ना, तेच!"

जत्रेत गाववाला भेटल्यासारखा आनंद त्यांना झाला होता. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप. मशीन पुसून झालेला बोळा बाळंतिणीखाली, आणि नवराच कौतुक करतोय!

बाराव्या दिवशी बारसं. सकाळी मला आणि बाळाला न्हाऊ घालून झाल्यावर सासूबाईंनी मोठ्या मानाने ती गादी सुईणीपुढे सरकवली. सुईण गावातलीच, तोंडाची फटकळ. तिने गादीत मूठ रोवली.

"आगं बया! ही मला? माझ्या म्हशीखाली न्हाई घालायची मी. आटंल ती."

"रीत हाय," सासूबाई म्हणाल्या.

"रीत ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मला लुगडं द्या."

सासूबाईंना ठेवणीतलं लुगडं काढून द्यावं लागलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गादी ह्यांनी रेल्वेच्या रुळांकडेच्या उकिरड्यावर नेऊन टाकली.

बारशाला चांगली गादी अंथरली गेली. आल्या-गेल्या बायका तिच्यावर बसल्या, पाळणे म्हणाल्या, घुगऱ्या घेऊन गेल्या. घर रिकामं झालं तशा सासूबाई गादी गुंडाळायला वाकल्या. मला अजून बरेच दिवस काढायचे होते, आणि खाली पुन्हा वाकळ. मी बाळाला घेऊन उठले आणि गादीवर सरळ आडवी झाले.

"आगं, पाव्हणं आलं तर?"

"आलीय की पाहुणी," मी बाळाकडे बोट दाखवलं. "लेक म्हणजे पाहुणीच ना? मग तिला आणि तिच्या आईला राहू द्या सव्वा महिना."

एवढं उलट मी त्या घरात कधी बोलले नव्हते. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण सासूबाई माझ्या पायांशी, अगदी काठावर, बसल्या.

"मला चार झाली," त्या म्हणाल्या. "चारी येळंला खाली बारदान."

माझा राग तेवढ्याने गेला असं मी म्हणणार नाही. तरी मी पाय आखडून जागा केली. त्या आधी हातावर रेलल्या, मग कोपरावर. पिंजाऱ्यापुढे दिवसभर बसून आपल्या देखत करून घेतलेल्या त्या गादीला त्यांनी आजवर पाठ लावली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"मऊ हाय की गं," त्या म्हणाल्या.